पाऊण तासाचा त्रिकोण

रुबीना, तू गेलीस त्याच्या पुढच्या सोमवारी पूर्ण्याच्या गोडाउनवाल्यांचा फोन आला. "मॅडम, मॉडेल कधी देताय?" मी फटकन म्हणून गेले, "रुबीना मॅडमशी बोलून सांगते." तो ओके म्हणाला, त्या बिचाऱ्याला काय माहीत. फोन ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला. तुझ्या घरी जाऊन, तुझ्या अम्मीच्या, खालांच्या गळ्यात पडून रडून आलेली बाई मी, आणि तोंडातून हे निघतं! त्याहून कहर म्हणजे मी खरंच विचारायला म्हणून तुझ्या खुर्चीकडे वळले होते. खुर्चीवर तुझी ती राखाडी शाल. एसी गारठवून वर शाल पांघरून बसायची तुझी नवाबी, आणि इकडे माझं नाक वाहतंय. शाल मी तेव्हा उचलली नाही. उचलून ठेवायची कुठे, हेच कळेना.

मला काही म्हणजे काहीच कळेनासं झालंय. तुझा तो शेवटचा व्हॉइस मेसेज ऐकून ऐकून डोकं पिकलं. आदल्या दिवशी आपण कचाकचा भांडलो, तू पर्स उचलून तरातरा निघून गेलीस, आणि संध्याकाळी तुझा आवाज आला, "वैशाली, ऐक. तू चुकतेयस, पण पूर्ण चुकत नाहीयेस. उद्या सांगते, आत्ता अम्मी जेवायला बोलावतेय." मागे कुकरची शिट्टी. मी उत्तरही दिलं नाही. म्हटलं, ऐकवू दे उद्या काय ते. आणि सकाळी तू गॅसवर चहा ठेवलास, चक्कर येतेय म्हणालीस, ओट्याला टेकून खाली बसलीस आणि संपलंच. चाळिशी नुकती लागलेली, ना बीपी ना शुगर. रुबीना, माझं बरोबर काय होतं गं? निदान एवढं तरी सांगून जायचं होतंस.

आपलं ऑफिस काय, भिवंडीत कामतघरला खाली सुताचं गोडाउन, वर दोन टेबलं आणि शेजारच्या लूमांचा दिवसभर खडखडाट. येणारे-जाणारे विचारायचे, तुम्ही दोघी नक्की करता काय? मी लांबण लावायचे. तू एका वाक्यात उरकायचीस, "आम्ही कम्प्युटरमध्ये खोट्या गाड्या सोडतो आणि खरी गर्दी कुठे होणार ते बघतो." मग कुणीतरी विचारायचंच, की खोटी गाडी खाली व्हायला किती वेळ लावायचा ते कोण ठरवतं? तू माझ्याकडे बोट करायचीस, "त्याच्यावरनंच तर आमची भांडणं होतात."

व्हायचीच. एकच आकडा टाकून भागत नाही ना. एक गाडी पटकन खाली होते, दुसरी रेंगाळते, तिसरी अख्खा दिवस खाते. म्हणून आकडा नाही, आकार निवडायचा. बहुतेक गाड्या कुठे जमतात, कडेला किती सांडतात, आणि ती कड कुठे संपते की संपतच नाही. सरासरी विचारणारं गिऱ्हाईक आलं की तुझ्या कपाळावर आठ्या. "सरासरीत कुणी अडकत नाही, जाममध्ये अडकतात," म्हणायचीस. पहिल्याच कामात मी सगळ्यांना ठाऊक असलेला तो घंटेसारखा आकार घातला, आणि काही गाड्यांचा वेळ शून्याच्याही खाली गेला. म्हणजे गाडी यायच्या आधीच रिकामी होऊन निघाली! तू टेबलावर डोकं ठेवून हसलीस. "ह्या ड्रायव्हरचा नंबर दे, मी निकाह करते त्याच्याशी." त्यानंतर इतकी वर्षं माझं काही चुकलं की तू नुसतं "नंबर दे" म्हणायचीस आणि मी चिडायचे.

आणि ते ढाब्याचं प्रकरण. पुस्तकात लिहिलेलं असतं की गाड्या आपापल्या येतात, एकीचा दुसरीशी काही संबंध नाही. मी तसंच घातलं होतं. तू म्हणालीस, "संबंध नाही? अगं, शहरात ट्रकांना बंदी असली की सगळे एकाच ढाब्यावर दालफ्राय खात बसतात, आणि बंदी उठली की एकदम उठतात. वरात असते ती." आणि मॉडेलमध्ये तू खरोखरच ढाबा घातलास. गिऱ्हाईक आधी हसलं, मग स्क्रीनवर रांग वाढताना बघून खुर्ची पुढे ओढून बसलं. तुझ्याबरोबर काम करण्याची मजा ही होती, की हिशोब संपला की भिवंडीच समोर दिसायची.

ह्या वेळचं भांडण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. पूर्णा म्हणजे माझं माहेर. प्रश्न सरळ होता. गोडाउनच्या आवारात गाड्या मावतील की बाहेर रांग लागेल? मावल्या तर ठीक. नाही मावल्या तर कंपनी शेजारचं गावचं मैदान पार्किंगला घेणार, आणि गावातले निम्मे लोक द्यायला तयारच बसलेत. तेच मैदान, जिथे पोरं क्रिकेट खेळतात आणि घराघरातली हळद होते. आवारात जागा किती ते माहीत होतं. सगळं अडलं होतं ते एका गाडीला किती वेळ लागतो, त्याच्या आकारावर.

मी त्रिकोण म्हणत होते. गेटवरच्या सुपरवायझरला विचारलं, कमीत कमी किती, बहुतेक वेळा किती, जास्तीत जास्त किती. तीन आकडे, तीन कोपरे, झालं काम. त्रिकोण घातला की गाड्या आवारात मावत होत्या आणि मैदान वाचत होतं. तू लॉगनॉर्मल म्हणत होतीस, लांब शेपटीचा. थोड्याच गाड्या, पण भयंकर रेंगाळणाऱ्या. तो घातला की काही दिवस रांग थेट मेन रोडवर येत होती.

"त्रिकोणाला भिंत असते, वैशाली. त्याच्यापलीकडे काही घडूच शकत नाही, असं तू कम्प्युटरला सांगतेयस. माणूस जास्तीत जास्त म्हणतो ना, तेव्हा आठवतं तेवढंच सांगतो. फार वाईट दिवस कोण ध्यानात ठेवतो?"

"ते वाईट दिवस म्हणजे ड्रायव्हर गाडी खाली करून आतच झोपला होता. झोपणं म्हणजे माल उतरवणं नव्हे. ते आकडे काढून टाक."

"झोपला तरी माल उतरवायचा डॉक त्यानेच अडवला ना?"

"मग उठवा त्याला! आता काय झोपेचं डिस्ट्रिब्युशन लावायचं का?"

मग तू ते बोललीस. "तुला त्रिकोण नकोय. तुला मैदान पाहिजे."

माझं टाळकंच सरकलं. मी म्हटलं, "तुला काय, तुझ्या गावचं नाही ते." तू पर्स उचललीस.

तुझ्या गावचं नाही म्हणे! माझ्या हळदीला त्या मैदानात सगळ्यात जास्त कोण नाचलं होतं? बाबांनी आचाऱ्याला पाचेकशे माणूस सांगितलं होतं, फार फार तर सहाशे. आमच्या आगऱ्यांच्या हळदीला कोण मोजून येतंय? शेजारची गावंच्या गावं आली. भाकऱ्या संपल्या. तू ओढणी कमरेला खोचलीस आणि माझ्या आईच्या शेजारी तांदळाच्या भाकऱ्या थापायला बसलीस. येत कुठे होतं तुला, एकेक भाकरी म्हणजे नकाशा. "बाबा, तुमच्या अंदाजाला भिंतच नाही हो," तू ओरडून म्हणालीस, आणि बाबा म्हणाले, "हलद हाय ती गो, भिंत कशाला पायजे?" त्या दिवशी तुझ्या गालाला लागलेली हळद धुऊनही जाईना, तशीच पिवळी तू दुसऱ्या दिवशी लग्नाला आलीस. भांडताना हे मला आठवलं असतं तर मी तसं बोललेच नसते.

तू गेल्याचा फोन तुझ्या भावाने केला. जोहरच्या, दुपारच्या नमाजेनंतर नेणार, म्हणाला. मग विचारलं, "तू कुठे आहेस, किती वेळात येशील?" मी कशेळीला, सासरी. रडता रडता मी काय केलं माहितीये? कमीत कमी अर्धा तास, बहुतेक वेळा पाऊण, जास्तीत जास्त दीड. सवयच ती. डोळ्यांतून पाणी आणि डोक्यात त्रिकोण. म्हटलं, "पाऊण तासात पोचते."

रिक्षा पूर्ण्याच्या अलीकडेच थांबली. "आगे सब जाम है दीदी, गाड़ियाँ लगी हैं." कुठल्या गोडाउनची, हे विचारायलाच नको. बंदी उठलेली, ढाबा उठलेला, आणि तुझी ती वरात गेटापासून बाहेर येऊन रस्ताभर पसरलेली. पुढच्या ट्रकच्या मागे कुणीतरी रंगवलेला मोर होता, त्याच्याकडे बघत मी बसले. आणि आईशप्पथ सांगते, तेव्हाही माझ्या डोक्यात हेच चाललं होतं की ही रांग माझ्या मॉडेलमध्ये येत नाही. तुझ्या मॉडेलमध्ये येते. दीड तास कधीच उलटून गेला. म्हणजे मी माझ्याच त्रिकोणाच्या बाहेर, जिथे काही घडूच शकत नाही तिथे, रिक्षात बसले होते. शेवटी उतरले, ट्रकांच्या मधून वाट काढत चालत सुटले आणि पुढे दुसरी रिक्षा धरली.

तुमच्या दारात चपला फक्त बायकांच्या होत्या. पुरुषमाणसांची एकही नाही. ते बघितलं आणि कळलं, तुला नेलं होतं.

खालांनी मला जवळ घेतलं. म्हणाल्या, "पाऊण तास बोललीस ना बेटा, म्हणून चेहरा झाकू दिला नाही मी. मौलवीसाब म्हणाले, नमाजेची वेळ निघून चालली. मी म्हटलं, वैशाली पाऊण तास बोललीय, ती येणार. मग अजून थोडं थांबलो." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मी निदान माफी तरी मागितली असती. इतकी वर्षं मी लोकांना आकडे देत आले, पण माझ्या आकड्यावर भरवसा ठेवून कुणी दाराकडे डोळे लावून बसलंय, हे कधी बघितलंच नव्हतं. तू बघत होतीस बहुतेक. म्हणून एवढी भांडायचीस.

आता माझी गत ऐक. लॉगनॉर्मल घालायला बसले की वाटतं, हे मी आकड्यांवरून करतेय की तुझं तोंड बघायला मिळालं नाही म्हणून? त्रिकोण घालायला बसले की वाटतं, हे बाबांच्या मैदानासाठी. तू असतीस तर म्हणाली असतीस, "एका दुपारवरून आकार ठरवतेस? नंबर दे." खरंय. एका दुपारवरून काही ठरत नाही. पण मग तुझ्या त्या सकाळचं काय करू? तीही एकच. ती कुठे बसवू? लांब शेपटीत लांबवर कुठेतरी कुणाच्या तरी वाट्याला ते येतच असतं, हे मीच दहा जणांना समजावलंय. पण तो कुणीतरी म्हणजे तू, हे काही केल्या डोक्यात शिरत नाही. राग येतो. कुणाचा येतो ते विचारू नकोस, मला माहीत नाही.

शेवटी तुझंच ऐकलं. आकडा पटत नसेल तर जाऊन उभी राहा, म्हणायचीस ना? गोडाउनच्या गेटसमोर चहाची टपरी आहे, तिथे बसून राहिले. टपरीवाला बिचकला, त्याला वाटलं मी महापालिकेची. मग आत डॉकवर गेले. आणि रुबीना, गाडी खाली व्हायला लागणारा वेळ खरंच माझ्या त्रिकोणात बसतो गं! हमाल लागले की सपासप काम. पण गाडी खाली झाली की ड्रायव्हर माल मिळाल्याचा शिक्का घ्यायला जातो. तिथे कागदात काहीतरी खोट निघते, माल पाठवणाऱ्याचा फोन लागत नाही, लागला तर तो म्हणतो साहेब बाहेर गेलेत. मग ड्रायव्हर येतो आणि केबिनमध्ये आडवा होतो. तो वेळ तुझा. त्याला भिंत नाही. तेव्हा एक वेळ नव्हताच तो, दोन होते एकामागे एक, आणि आपण दोन्ही एकत्र कालवून त्याला एकच आकार द्यायला बघत होतो.

हेच सांगणार होतीस का? पूर्ण चुकत नाहीयेस, ते हेच? की तुझ्या मनात भलतंच काही होतं आणि मी आपलं माझ्या सोयीचं तुझ्या तोंडी घालतेय? कदाचित तुला आधीच कळलं होतं आणि मला मुद्दाम उद्यापर्यंत ताटकळत ठेवायचं होतं. तसला आगाऊपणा तुझा आहेच. होता. हे होता लिहायला अजून हात वळत नाही.

दोन्ही घातले. आधी माझा त्रिकोण, त्याच्यामागे तुझी शेपटी. बहुतेक दिवस गाड्या आवारात मावल्या. काही दिवस नाही मावल्या. आपण मॉडेल सुरू करताना सुरुवातीचा आकडा तोच ठेवतो ना, म्हणजे तोच दिवस जसाच्या तसा परत चालवता येतो, फक्त एखादी गोष्ट बदलून. त्यातला एक वाईट दिवस मी परत परत चालवला. कागद आधी तपासून मगच गाडी आत घेतली, तर रांग आखडते, पण पुरती जात नाही. रिकाम्या गाड्या मैदानात काढल्या, की जाते. मग मी उगीचच आणखी एकदा चालवला, काहीही न बदलता, नुसती बघत बसले. कशासाठी ते तुला कळेल.

कंपनीला तेच लिहून पाठवलं. आधी कागद तपासा, मैदान रोज लागणार नाही, पण काही दिवस लागेल, आणि ते दिवस आधी सांगता येणार नाहीत. बाबांना सांगायला मात्र मी स्वतः गेले. ओटीवर बसले होते.

"काय बोलतो तुजा कम्प्युटर?"

"काही दिवस मैदान द्यावं लागेल, बाबा."

"काय दिवस म्हंजे कवा?"

"ते नाही सांगता येत."

"आनि हलदीच्या दिवशीच आल्या गाड्या तं?"

"येऊ शकतात."

बाबांनी खांद्यावरचा टॉवेल झटकला. मग म्हणाले, "ती रुबीना असती तं काय बोलली असती?"

"हेच."

"मंग आता आकडा न्हाय बदलायचा," म्हणाले आणि उठून आत गेले. रागावलेत. माझ्याबरोबर जेवलेही नाहीत. आईने डब्यात भाकरी बांधून दिली, ती मी रिक्षात बसून कोरडीच खाल्ली. बरोबर केलं की चूक, कुणाला विचारू? विचारायची माझी जागा एकच होती, आणि ती शाल पांघरून बसायची.

शाल काल घरी घेऊन आले. अजून तिला तुझ्या त्या अत्तराचा वास आहे, ज्याने मला शिंका यायच्या. आज जुम्मा. खालांनी तुझ्या नावाने कुराण वाचतात त्या कुरआनख्वानीला बोलावलंय, त्यांनाच शाल देईन म्हणते. पायात चपला घालत होते, तेवढ्यात त्यांचा फोन.

"निघालीस का बेटा? किती वेळ लागेल?"

पाऊण जिभेवर आलं होतं. गिळलं.

"खाला, लवकरही येईन, नाहीतर फार उशीरही होईल. खरंच नाही सांगता येत. तुम्ही माझ्यासाठी थांबू नका."

"आरामात ये तू," खाला म्हणाल्या. "आज कुणाला न्यायचं नाहीये."